तेवीस दिवस उलटलेला शिक्का

मी एक जुना वजनकाटा आहे. नागपूरच्या बेसा भागात, नव्या इमारतींच्या मागच्या वस्तीत एक अंगणवाडी आहे, तिथल्या तुळईला मी लटकतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू स्वतःची गोष्ट सांगताना जरा हळव्या होतात. मी होणार नाही. मला राग आला आहे, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय उतरायचा नाही.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, तोंडावर तबकडी लावली आणि खाली एक हुक दिला. हुकाला कापडी झोळी अडकवायची आणि झोळीत लेकरू बसवायचं. बावीस वर्षांत शेकडो लेकरं त्या झोळीत रडली, काहींनी ती ओलीही केली. इथली सेविका शामला दरवेळी झोळी धुवायची आणि माझी तबकडी पदराने पुसायची.

माझ्यावर पहाराही होता. ठरलेल्या मुदतीने वैधमापन निरीक्षक मला प्रमाण वजनं लटकवून तपासत आणि शिशाचा शिक्का मारत. काट्याने खोटं बोलू नये म्हणून या देशात कायदा आहे. मला त्याचा कधी जाच वाटला नाही. उलट शिक्का ताजा असला की मी जरा ऐटीतच लटकायचो.

मग अंगणवाडीला एक नवा मोबाइल फोन मिळाला. लेकराचा फोटो काढायचा, की आतली कृत्रिम बुद्धिमत्ता वजन सांगणार. ना झोळी, ना रडारड! सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं असतं, पण त्याची परीक्षा कुणी घेतलेली मला दिसली नाही. मला मात्र खिचडीच्या पातेल्यामागे ठेवून दिलं.

भावना त्या इमारतींवर विटा वाहते. तिची उन्नती तेव्हा दीड वर्षाची होती. फोनने फोटो पाहून नऊ किलो चारशे सांगितलं आणि हिरवी खूण दाखवली. शामलाने पोरीला कडेवर घेतलं आणि तिचा चेहराच उतरला. इतकी लेकरं उचललेल्या हातांना वजन कळतं. तिने मला बाहेर काढून टांगलं. मी सांगितलं, सहा किलो नऊशे.

फोनवर लाल खूण आल्याशिवाय दवाखान्यात भरतीची चिठ्ठी निघत नाही, म्हणून काट्याचं वजन धरा असं सांगायला शामलाने लगेच पर्यवेक्षिका वैदेही मॅडमना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, की काट्याच्या शिक्क्याची मुदत कधीपर्यंत आहे. मुदत संपून तेवीस दिवस झाले होते.

"मग ते वजन धरता येत नाही, शामलाताई," मॅडम म्हणाल्या. "फोनचंच धरा."

ऐकलंत, मित्रांनो? माझा शिक्का शिळा, म्हणून माझा शब्द बाद. फोनला शिक्काच नाही, म्हणून त्याचा शब्द खरा! जन्मभर कायद्यात राहिलेल्या मला गप्प बसवलं, आणि जो कुठल्याच कायद्यात बसत नाही तो छाती काढून बोलत होता.

शामलाने भावनाला परोपरीने सांगितलं, की चिठ्ठी नसली तरी पोरीला दाखवून आण.

"फोनवर तर सगळं बरोबर दाखवून राहिलं, ताई," भावना म्हणाली. "मंग मी रोजी काहून पाडू?"

तिचं काय चुकलं? फोनवर विश्वास ठेवायला तिला अंगणवाडीनेच शिकवलं होतं.

माझ्या तपासणीची तारीख मिळाली ती पाच आठवड्यांनंतरची. शामला मला पिशवीत घालून बसने घेऊन गेली. निरीक्षक रुपरावांनी वजनं लटकवली. मी एका रेघेनेही चुकत नव्हतो. म्हणजे त्या दिवशीही मी खरंच बोललो होतो. शामलाने त्यांच्यापुढे फोन ठेवला आणि हाही तपासा म्हणाली.

रुपरावांनी तो उलटापालटा करून पाहिला. "याच्यावर शिक्का कुठी मारू, ताई? याच्यासाठी कायदाच नाही. दिल्लीत बोलणं चालू आहे म्हणतात. पण काही जण म्हणून राहिले, आताच बंधनं नका घालू, आधी याले मोठं होऊ द्या."

शामलाने फोन उचलला. "आमच्या उन्नतीले मोठी होऊ द्या, असं काहून नाही म्हणत कोणी?"

रुपरावांनी माझ्यावर नवा शिक्का मारला.

परत आलो तेव्हा उन्नतीला ताप होता. झोळीत ती रडलीसुद्धा नाही. सहा किलो दोनशे. माझा शिक्का आता ताजा होता, त्यामुळे त्याच दिवशी चिठ्ठी निघाली. उन्नतीचा जीव वाचला, पण वाया गेलेले ते पाच आठवडे तिला कोण परत देणार? शामलाने सगळं लिहून दिल्लीला पत्र धाडलं. उत्तर आलं, आपली सूचना योग्य वेळी विचारात घेतली जाईल. योग्य वेळ म्हणे! ती केव्हाच होऊन गेली.

मित्रांनो, उद्या तुम्ही मतं द्याल, कुणी कायदे कराल, कुणी यंत्रं बनवाल. माझ्या जागी नवं यंत्र आणा, माझी तक्रार नाही. पण लेकरांजवळ नेण्याआधी त्यालाही माझ्यासारखं तपासा, आणि ते चुकलं तर जाब कुणी द्यायचा तेही कायद्यात लिहा.

आज उन्नती वजनाला आली होती. सात किलो शंभर भरली. तिला झोळीत बसवण्याआधी भावना माझ्याजवळ आली आणि तिने शिक्क्यावरची तारीख वाचली.