उरलेल्या रोपांचं बी

बोनारियाने घडवलेलं तिपानी क्लोव्हर, चाऱ्याचं नवं वाण, बोएलेच्या रानात दाट, हिरवंगार माजलं होतं, आणि त्यात तोंड घालायला एकही मेंढी तयार नव्हती!

पहिलं वर्ष, पीक नीट मूळ धरू दे, म्हणून रान वसंत सरेपर्यंत बंद ठेवलं होतं. आज फाटक उघडलं. मेंढ्या आत शिरल्या, पाला हुंगून फुरफुरल्या आणि सरळ कडेच्या दगडी गडग्यापाशी जाऊन वाळकी कुसळं ओरबाडू लागल्या.

"पोटं भरलेली असतील," बोएले म्हणाला. धाकट्या बहिणीवर, बोनारियावर, भारी जीव त्याचा. ती इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या सरकारी चारा संशोधन केंद्रात कामाला, म्हणून तिच्या शब्दावर पठ्ठ्याने आजोबांच्या वेळचं कुरण नांगरून हे पेरलं होतं. सगळंच्या सगळं, बरं का! एक कोपरा राखला नाही.

"भरलेली कसली? सकाळपासून कोंडलंस ना तू त्यांना?" गडग्यावर बसलेले शेजारचे बाकीसकाका खिदळले. "पोरी, मीठ घालायचं राहिलं वाटतं तुझ्या पाल्यात!"

बोनारियाने एक पान तोडून चावलं. कडू जहर! ती थू थू करत थुंकली.

केंद्रातली निवडीची रीत तिचीच होती. दर वसंतात वाफ्यांत गावची मेंढरं सोडायची आणि ती गेल्यावर जी रोपं ताठ उभी दिसतील त्यांचं बी धरायचं. चराई सोसणारी चिवट रोपं! केवढी मिरवली होती तिने ही रीत. अगं बाई, सोसतात कुठली? त्यांना कुणी तोंडच लावलं नव्हतं. गोड होती ती मेंढ्यांच्या पोटात गेली, आणि ही बया वर्षानुवर्षं नको म्हणून टाकलेलं तेवढं वेचत बसली.

"दादा," तिने रडत बोएलेची बाही धरली. "अरे, मी... मी त्यांना न आवडणारंच घडवलंय रे!"

काकांचं हसणं जागच्या जागी थांबलं. बोएले भुकेल्या मेंढ्यांकडे वळला. मेंढ्यांनी ओरडून रान डोक्यावर घेतलं होतं. दूध आटलं तर चीज कशाचं करणार होता तो?

"रडतेस काय वेडे?" तो कसाबसा म्हणाला. "उद्या नांगर घालतो. जुनं गवत परत पेरू, झालं!"

तिने वाकून एक रोप उपटलं. त्याची बोंडं मातीत रुतलेली होती. या क्लोव्हरची जातच तशी, फूल सुकलं की मान वाकवून आपलं बी आपणच पुरतं.

"नांगरलंस तर बी आणखी खोल जाईल, दादा," ती म्हणाली. "आणि पाऊस पडला की पुन्हा उगवेल. काही केलं तरी रानातून जाऊ नये म्हणूनच तर निवडलं होतं मी ते."