दोघांचा तुंबा

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. तुंबा म्हणजे वाळलेला भोपळा. आतला गर खरवडून काढायचा, वर दोरी बांधायची, की झालं भांडं. गोसावी माझ्या भावंडांतून पाणी पितात. पोरं त्यांना कमरेला बांधून कृष्णेत पोहायला शिकतात. मी मात्र शिंदीचा, म्हणजे ताडीसारख्या दारूचा तुंबा. झालं ना तोंड वाकडं? गुरुजी तुम्हाला छत्रीचं नाही तर फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहायला सांगतात. माझं कोण सांगणार! नशा वाईट, हे मलाही कळतं आणि मी कुणाला प्या म्हणत नाही. सध्या तर माझ्यात राखेत घोळलेलं वालाचं बी आहे. बनुबाईंनी मला फडताळावर ठेवलंय. त्यांचा माझ्यावर राग आहे की माया, ते मला अजून उमगलेलं नाही.

खरं तर मी त्यांच्याच छपरावरच्या वेलाचा. बियाणाला म्हणून त्यांनी मला राखला होता. पण त्यांचा एकुलता एक कृष्णात आणि शेजारच्या वस्तीवरचा सयाजी, दोघांनी मिळून मला पळवला. मिशा नुकत्या फुटलेल्या, अंगात नुसती मस्ती. बनुबाईंनी अंगणात उभं राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हजेरी घेतली, "मुडद्यांनो, बियाचा भोपळा हुता रं त्यो! हातास्नी काय खाज सुटली हुती व्हय?" तोवर मी सयाजीच्या कडब्यात लपून वाळतही होतो.

औंधाच्या यमाईचा डोंगर दिसतो अशा ओढ्याच्या काठी सयाजीचं रान होतं आणि बांधावर शिंदीची झाडं. थंडी पडली की संध्याकाळी तो वर चढून शेंड्याला छेव, म्हणजे खाच द्यायचा आणि मला खाली टांगायचा. रात्रभर थेंब थेंब रस गळायचा. पहाटे मी काठोकाठ भरलेला असायचो. दोघं एकाच घोंगड्यात शिरून बसायचे. भाजलेल्या शेंगा, मिरचीचा खर्डा आणि मी. एकानं घोट घ्यायचा आणि मला दुसऱ्याकडे द्यायचा. मिशांना फेस लागायचा. कृष्णात गायचा, आणि इतकं वाईट गायचा की ओढ्यावरचे बगळे उठायचे. सयाजी हसून हसून आडवा व्हायचा.

ती काही भारी दारू नव्हती, बरं का. गुत्त्यावरची बाटली घ्यायची दोघांची ऐपतच नव्हती. पण तशी चव मी पुन्हा कधी कुणाच्या तोंडावर पाहिली नाही.

त्यांचा एक नेम होता. एकट्यानं प्यायची नाही. एकदा कृष्णातनं आधी येऊन मला रिकामा केला होता आणि सयाजी कितीतरी दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. तेव्हापासूनचा हा नेम.

मग लढाई लागली. साताऱ्याला भरती सुरू झाली आणि कृष्णात पलटणीत गेला. जायच्या दिवशी पहाटे झाडाखाली म्हणाला, "सया, तुंबा मोडू नगंस. कोरडा पडू दिऊ नगंस. दर थंडीला टांगीत ऱ्हा. म्या आलो की हितंच बसायचं."

"तू ये तर खरं गड्या," सयाजी म्हणाला.

बेचाळीस साली तार आली. कृष्णात मिसरकडच्या वाळवंटात बेपत्ता. बनुबाईंनी अन्न सोडलं. चूल पेटेना, कुणाशी बोलेनात. सयाजी त्यांच्या उंबऱ्यावर बसून राहायचा आणि उठून जायचा. थंडी आली तशी एका पहाटे त्यानं मला उतरवला. मी भरलेला होतो. मला दोन्ही हातांत धरून तो डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.

"यमाईआई, कृष्णातला जित्ता आण. ह्यो तुंबा म्या जन्मात तोंडाला लावनार न्हाई. सोडली शिंदी, तुझ्या पायाची आन."

आणि मला झाडाच्या बुडाशी उपडा केला.

नवसाला माणूस आवडीचंच सोडतो. कुणी वांगं सोडतं, कुणी पान सोडतं. सयाजीकडे त्या पहाटेच्या घोटापरीस आवडीचं होतं काय? त्यानं मला देऊन टाकलं आणि मला विचारलंसुद्धा नाही. पण विचारलं असतं तर मीही दे म्हणालो असतो. कृष्णात माझाही होता.

पुढं उन्हाळ्यात खबर आली. कृष्णात जिवंत आहे, इटलीत कैदेत आहे! सयाजी अनवाणी डोंगर चढून नारळ फोडून आला. देवीनं शब्द पाळला होता. आता सयाजीची नवसातून सुटका नव्हती. कृष्णातला दिलेला शब्दही त्यानं मोडला नाही. दर थंडीला मला टांगायचा, पहाटे उतरवायचा, वाटेनं जाईल त्याला शिंदी देऊन टाकायचा. माझा वास मात्र तो क्षणभर घ्यायचा. तेवढं देवीनं मनावर घेतलं नसावं.

लढाई संपल्यावर ऐन थंडीत कृष्णात आला. आला तो पार वाळून, खोकत. पण दुसऱ्याच पहाटे झाडाखाली हजर!

"सया, तिकडं शेतकरी द्राक्षाची लाल दारू पाण्यावानी पित्यात बघ. आमास्नी त्येंच्या रानात कामाला न्यायाचे. एक म्हातारी वाडगाभर द्यायाची. म्या डोळं मिटून प्यायाचो. म्हनायाचो, ह्यो सयाचा तुंबा. त्येच्यावर जगलो गड्या."

त्यानं मोठा घोट घेतला, मिशा पुसल्या आणि मला सयाजीच्या हातात दिला. माझ्यातली शिंदी डुचमळून त्याच्या मनगटावर सांडली.

"न्हाई गड्या. म्या सोडली."

"सोडली? कशापायी?"

सयाजीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. कृष्णात एकदम उसळला, "माझ्या जिवापायी माजंच सोडलंस व्हय रं? आरं, बोकड बोलायचा! रान द्यायाचं! ह्येच गावलं तुला?"

"आलास न्हवं तू? मग झालं की."

"ह्येच्यापायी आलो म्या!" असं म्हणून कृष्णातनं मला हिसकून घेतला आणि सगळी शिंदी मातीत ओतली. एकट्यानं प्यायची नाही, हा नेम त्यानं तेवढ्या रागातही मोडला नाही.

खोकला वाढत गेला. त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि घरी न्या म्हणून सांगितलं. पुढच्या थंडीत कृष्णात अंथरुणालाच खिळला. एका सकाळी त्यानं सयाजीला निरोप धाडला, तुंबा भरून घरी घेऊन ये.

सयाजी मला घेऊन आला. कृष्णात म्हणाला, "एकच घोट. संगं घे. मग काय बी मागत न्हाई."

सयाजीनं हात मागे घेतला. तेव्हा बनुबाईच पुढे आल्या. "घे रं बाबा. म्या देवीची वटी भरते, पाया पडून माफी मागते. घे."

"आवं काकी, त्येचा जीव हाय ह्येच्यात," सयाजी रडायलाच लागला. "म्या घोट घ्यायाचा आन ह्यो उद्या उठला न्हाई, तर म्या काय करू?"

"माजा जीव चाललाच हाय रं."

"म्हनून तर घेत न्हाई!"

कृष्णातनं मला छातीवर धरला. त्याची धाप मला आरपार कळत होती. मित्रांनो, मी काठोकाठ भरलेला होतो. एक या अंगाला, एक त्या अंगाला, आणि दोघांनाही मी हवा होतो. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. थोड्या वेळानं कृष्णात म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे," आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवसांनी तो गेला.

दिवसकार्य उरकल्यावर सयाजीनं मला शेवटचा टांगला आणि पहाटे उतरवला. "आता कुनाला राखायाचं?" असं म्हणून त्यानं मला तोंडाला लावला. इतक्या वर्षांनी एक घोट. "ग्वाड हाय रं," तो म्हणाला. मग सवयीनं त्यानं मला बाजूला धरला, कृष्णात बसायचा तिकडे. हात तसाच लांबवून तो उन्हं वर येईपर्यंत बसला. मला घ्यायला कुणी नव्हतं. शेवटी त्यानं मला बनुबाईंच्या दारात नेऊन ठेवला.

मित्रांनो, चूक कुणाची ते मला विचारू नका. सयाजीची माया खोटी नव्हती आणि देवीही खोटी नव्हती. माझं मागणं एवढंच आहे. कुणासाठी जीव तुटला आणि आपल्या आवडीचं काही सोडून द्यावंसं वाटलं, तर त्यात त्याचीही वाटणी नाही ना, तेवढं बघा. आणि तो समोर बसून हात पुढं करील, तेव्हा त्याला रिकाम्या हातानं उठू देऊ नका.