बुढीच्या पायातला लाल धागा

त्या सिनेमाचं नाव मी घेत नाही. चौतीस वर्षं घेतलं नाही, आता कशाला घेऊ? ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांचं काही अडलेलं नाही.

आमगावात स्टेशनच्या रस्त्यावर माझं सीडी भाड्यानं द्यायचं दुकान आहे. मागच्या दोन खोल्यांत मी, माझी मुलगी मोनाली आणि माझे बाबा सेवकराम, असे तिघं राहतो. लोकांच्या आवडीनिवडी मला दुकानात बसल्या बसल्या कळतात. आधी मारामारीचे सिनेमे न्यायचे, मग सासू-सुनेचे. आणि आता दोनेक वर्षांपासून हे नवीन खूळ आलं आहे. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "मौसी, मेकिंगवाली है क्या?" म्हणजे सिनेमा नको. सिनेमा कसा केला ते पाहिजे. वाघ खरा होता की कापडाचा, हिरॉईनच्या डोळ्यांत ग्लिसरीन होतं की कांदा, पडद्यामागे कोण पाय घसरून पडलं. जुन्या सिनेमाची दोन चकत्यांची पेटी आली की दुसरी चकती झिजून जाते आणि पहिली कोरी करकरीत परत येते. जेवायला बोलावलेल्या माणसानं पंगत सोडून मोरीत भांडी कशी घासतात ते बघत बसावं, तशी ही आवड. मला तिची शिसारी आहे. का आहे, ते सांगते.

बाबा सुतार. पण त्यांचं खरं काम बाहुल्यांचं. हाताएवढ्या लाकडी बाहुल्या, दोऱ्यांवर नाचणाऱ्या. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बाबांनी पेटीतल्या सगळ्या देवांचे मुकुट उतरवले, त्यांना सदरे शिवले आणि शाळेत घातलं. इंद्र मास्तर झाला. खेळ बघायला सालेकशापर्यंतची माणसं बैलगाड्या जुंपून यायची.

त्या पेटीत एक म्हातारी होती. तिला आम्ही बुढी म्हणायचो. शिवणीच्या लाकडाची, बाबांनी आपल्या मेलेल्या आईच्या चेहऱ्यावरून कोरलेली. आजी गेल्यावर भिंतीच्या कोनाड्यात तिच्या विंचरलेल्या केसांचा गुंडा सापडला होता. केसांवर भांडी देणारी बाई यायची, तिच्यासाठी आजीनं तो साठवला होता. बाबांनी तो दिला नाही. एकेक केस बुढीच्या डोक्याला लावला आणि वर लुगड्याचा पदर टाके घालून शिवून टाकला. खेळाच्या आधी बाबा बुढीला कपाळाला लावायचे. देव सोडलेला माणूस, पण तेवढं करायचे.

मी दहा वर्षांची होते तेव्हा सिनेमावाले आले. पुण्या-मुंबईची माणसं, सालेकशाच्या जंगलात नाल्याकाठी तंबू ठोकून महिनाभर राहिली. सिनेमा एका बाहुलीवाल्याचा होता. हिरो त्यांचा, पण दोऱ्यांमागचे हात बाबांचे. शेवटी पाटलाची माणसं येऊन म्हातारीची बाहुली शेकोटीत टाकतात, असं होतं. त्या दृश्यात हिरोचा जोडीदार म्हणून बाबांनाच उभं केलं होतं.

जाळायला बाबांनी आठ दिवस खपून दुसरी बुढी केली. तेच लाकूड, तेच लुगडं, केस तेवढे तागाचे. पदर शिवल्यावर दोघी जुळ्या बहिणी. म्हणून खुणेला जाळायच्या बाहुलीच्या डाव्या पायात लाल धागा बांधला. पेटीपाशी मला बसवलं, कारण बाबांच्या हाताखाली दोऱ्या धरायला मीच शिकत होते. बाबा म्हणाले, "रुक्मे, धागा पाहूनच देजो."

हाक आली. मी लुगडं वर करून धागा बघितला. डावा पाय, लाल धागा. बाहुली दिली.

आग लागली आणि वास आला. ताग जळाला की गोणपाटाचा वास येतो. हा तो नव्हता. हा केसांचा होता. बाबांना माझ्याआधी कळलं. त्यांनी सरळ आगीत हात घातला. बुढी निघाली नाही. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची आखडून गेली.

कोणीतरी "कट" म्हणालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा माझ्याकडे आले.

"धागा पाह्यली होतीस?"

"पाह्यली होती."

त्यांनी जळक्या हातानंच माझ्या थोबाडीत मारली. पेटीत उरलेली बुढी काढून बघितली तर तिच्या पायात धागा नव्हता आणि पदराखाली ताग होता. म्हणजे धागा कुठेतरी सुटून पडला, मी तो न बघताच बाहुली दिली आणि वर खोटं बोलले, असा हिशेब झाला. आग लागलेल्या बाहुलीचा धागा कोणाला दाखवणार?

त्यानंतर मला कोणी दोरीला हात लावू दिला नाही. बाबांच्या बोटांनी दोऱ्या धरवेनात आणि माझ्या हातावर त्यांचा भरवसा उरला नाही. खेळ बंद पडला. बाबा तान्ह्या पोळ्याला पोरं ओढत नेतात ते लाकडी बैल करू लागले. कधी भाजी करपली, कधी दुकानाची किल्ली हरवली, की एकच वाक्य यायचं, "तुह्या हातानं गेली माही माय." माझ्या लग्नाच्या मांडवातही एकदा म्हणाले. मला एवढंच पाहिजे होतं की एकदा, फक्त एकदा, त्यांनी म्हणावं, रुक्मे, तू पाह्यली होतीस.

मागच्या वर्षी त्या सिनेमाची नवी पेटी निघणार म्हणून दोन माणसं कॅमेरा घेऊन घरी आली. बाबांशी अर्धा दिवस बोलली. मला त्यांनी चहा करायला लावला. यंदा गोंदियाच्या एका कॉलेजात खेमराज सर नावाच्या प्राध्यापकांनी रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवला. बाबांचा सत्कार आणि सिनेमा. मोनाली त्याच कॉलेजात शिकते, तिनं हौसेनं आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं.

सिनेमा दाखवलाच नाही. वेळ नव्हता म्हणे. मेकिंग दाखवलं. हॉल खचाखच भरला होता आणि एकाही माणसानं विचारलं नाही की सिनेमा कुठे आहे.

पडद्यावर बाबा आले. आमच्याच अंगणात, खुर्चीवर. म्हणाले, "लेकरू होती. तिच्याकून चूक झाली. धागा न पाहताच देल्लन."

लगेच एक पांढऱ्या दाढीचा माणूस आला. तेव्हाचा सहायक दिग्दर्शक. मागे पुस्तकांचं कपाट, हातात चष्मा. हसत हसत म्हणाला, "छे हो, चूक कसली! पोरगी जेवायला गेली तेवढ्यात मीच धागा सोडून खऱ्या बाहुलीला बांधला. दिग्दर्शकसाहेबांना खरा चेहरा हवा होता. गावातला माणूस, त्याला अभिनय कुठला यायला? आणि बघा ना, एका टेकमध्ये मिळाला!"

हॉल हसला. असा हसला की मागे कोणाची खुर्ची आपटली. बाबांचं वाक्य आणि त्या दाढीचं वाक्य इतकं बेताचं चिकटवलं होतं की हसू यावंच. मग बाबांचा चेहरा आला, आगीत हात घालतानाचा, सावकाश, खाली सतारीचं संगीत. तीनदा दाखवला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "क्या डेडिकेशन था उन लोगों का!"

मी तोंडात पदराचा बोळा धरून बसले. केसांचा वास पडद्यातून येत नाही, म्हणून ही माणसं टाळ्या वाजवू शकतात. ज्या माणसानं एका म्हाताऱ्या बाईचे केस जाळले, एका सुताराचा हात नासवला आणि दहा वर्षांच्या पोरीला जन्मभराची खोटारडी ठरवलं, तो चष्मा पुसत ती गंमत म्हणून सांगतो आणि पाचशे माणसं त्याला वाहवा म्हणतात.

पण माझ्या मनात दुसरंही चाललं होतं. मी खोटं बोलले नव्हते. पाचशे माणसांसमोर ते सिद्ध झालं होतं. मी बाबांकडे बघितलं.

बाबा हसत होते. त्यांना आधार देऊन वर नेलं, शाल घातली, खेमराज सरांनी माईक तोंडापाशी धरला. "कैसा लगा, बाबाजी?"

बाबा म्हणाले, "लय डोकं लावलन गा! मले मालूमच नाई पडू देल्लन!"

पुन्हा टाळ्या. बाबांनी आखडलेल्या बोटांचा हात वर करून दाखवला, निवडून आलेल्या पुढाऱ्यासारखा. मी वाट बघत होते. माझी लेक इथंच बसली आहे, असं म्हणतील. म्हणाले नाहीत.

परतीच्या पॅसेंजरमध्ये बाबा सत्कारात मिळालेली त्या सिनेमाची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मीच विषय काढला. "बाबा, धागा मी बरोबर पाह्यली होती."

"हो, दिसलं ना त्याच्यात."

"मंग?"

"मंग काय? तो चेहरा पाह्यलीस का माहा? सांगून आला असता का तसा?"

मोनाली माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघायला लागले. धानाच्या बांध्या मागे जात होत्या आणि मला माझ्या बापाची किळस येत होती. बापाबद्दल असं लिहू नये. पण येत होती, ती मी कुठे लपवू?

त्यानंतर बाबा रोज दुकानात बसू लागले. येईल त्या गिऱ्हाइकाला दुसरी चकती लावून दाखवायचे. पहिली त्यांनी स्वतःही बघितली नाही. चार दिवसांनी गोष्ट थोडी बदलली. "मले शंका आलती." आठवड्यानं आणखी. "मले मालूमच होतं. साहेबानं मले कानात सांगतलन. कलेसाठी करा लागते गा." माणसं मान डोलवायची आणि त्यांच्या बोटांचे मोबाईलवर फोटो काढायची.

मी एकदा गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, "मालूम होतं तं मले काऊन मारलेत?"

बाबा चकतीचा डबा उघडत म्हणाले, "तेबी शूटिंगच होती."

लोक हसले. बापानं त्या दाढीवाल्यासारखं वाक्य टाकलं आणि लोक तस्सेच हसले. क्षणभर मलाच कळेना की त्यांनी चौतीस वर्षं खोटं सांगितलं की आता सांगताहेत. खरं तर आताचंच खोटं. पण फसलेला म्हातारा असण्यापेक्षा फसवणाऱ्यांच्या टोळीत असणं त्यांना बरं वाटलं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मोनालीच्या वर्गातला योगराज हँडीकॅम घेऊन आला. त्याला मेकिंगचं मेकिंग करायचं होतं. हो, असंच म्हणाला. बाबांनी अंगणात शेकोटी रचून ठेवलीच होती आणि पेटीतून दुसरी बुढी काढली होती, तागाच्या केसांची, वाचलेली. तिच्यावरही चेहरा आजीचाच होता. जगात तेवढाच उरला होता.

"कायले काढली तिले?" मी विचारलं.

"जाळाले. पोराले सीन पायजे."

योगराजनं कॅमेरा माझ्याकडे वळवला. "मौसी, वो धागेवाला शॉट पहले ले लेते हैं. आप ही बाँधना. आप ही थी ना वो बच्ची?"

बाबांनी बुढी माझ्या हातात दिली. चौतीस वर्षांनी त्यांनी माझ्या हातात बाहुली दिली. हलकी होती, आठवत होती तेवढीच. मग लाल धागा दिला आणि कॅमेऱ्याकडे बघून, जरा मोठ्यानं म्हणाले, "नीट पाहजो रुक्मे. या बारीले चुकजो नोको."

योगराज हळूच म्हणाला, "हाँ मौसी, ये जो चेहरा है ना, बस ऐसाच रखो."

मी धागा त्या रचलेल्या लाकडांवर टाकला. बुढीला पदराखाली घेतलं, दुकानात शिरले आणि शटर आतून ओढून घेतलं. मोनाली बाहेरून म्हणाली, "आई, दोनच मिनिटं गं, आबाजी खोळंबले." बुढीच्या दोऱ्यांचा गुंता झाला होता, तो सोडवायला बसले. बोटांना सगळं आठवत होतं. तिची मान एकदा डावीकडे वळली, एकदा उजवीकडे.

बाहेर योगराज विचारत होता, अब क्या करें. आणि बाबांचा आवाज आला, स्पष्ट, कॅमेऱ्यासाठी काढलेला.

"राहू दे गा. तिच्याकून नाई होत. लहानपनापासून तशीच आहे."

मी मान वर केली नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे काही मागितलेलं नाही. बुढी माझ्या पेटीत असते आणि किल्ली माझ्या कमरेला.