येथे मुले आश्चर्य व्यक्त करतील

आमच्या शाळेत मुलांनी सगळं स्वतः शोधून काढायचं असतं. काय शोधायचं, कोणी शोधायचं आणि कुठल्या मिनिटाला सापडायचं, हे मी आदल्या आठवड्यात ठरवून देते.

हसू नका, पाठाच्या टिपणात तसा रकानाच आहे. डावीकडे शिक्षकाची कृती, उजवीकडे मुलांची. उजव्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'येथे मुले आश्चर्य व्यक्त करतील.' मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यापुढे लाल पेनाने भर घातली होती: 'मोठ्याने.'

मी या शाळेत अकरा वर्षं विज्ञान शिकवते आहे आणि अकरा वर्षं तात्पुरतीच आहे. दर सुट्टीत मला काढतात, शाळा उघडली की परत घेतात. घरात मिळवणारी मी एकटी, त्यामुळे सुट्टी लागली की बाकीच्यांना आनंद होतो आणि माझा जीव टांगणीला लागतो. या वर्षी मला कायम करायचं वरच्या कार्यालयात एकदाचं ठरलं. अट एकच. तपासणीसाहेबांसमोर शोधातून शिकण्याचा एक पाठ घ्यायचा आणि त्यांचा चांगला शेरा मिळवायचा.

मी लंबक निवडला. दोऱ्याला एक लोखंडी नट बांधायचा, झोका द्यायचा आणि वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. मग पाच नट बांधून पुन्हा तेच. जड लंबक लवकर येईल, असा चुकीचा अंदाज मुलं आधी सांगणार. मग दोन्ही वेळा अठ्ठावीस सेकंद येणार, आणि मग ते आश्चर्य.

चुकीचा अंदाज सांगायला मी खुसपटला उभं करायचं ठरवलं. सातवीतल्या या मुलीचं हे नाव स्टाफरूमने ठेवलेलं. तिला काहीही सांगा, 'पण बाई' म्हणून ती खुसपट काढणारच. मी विचार केला, तिच्या तोंडात आधीच एक वाक्य घालून ठेवलं, की स्वतःचं काही बोलायला जागाच उरणार नाही. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

पहिल्याच तालमीत पाच नटांना तीस सेकंद लागले. पुन्हा केलं, पुन्हा तीस. असं का होतंय ते मला कळेना, आणि इतकी वर्षं शिकवून कळत नाही याची लाज वाटली. मला लाज वाटली की मी चिडते.

"मोजताना गडबड होतेय," मी म्हणाले. "सगळ्यांनी अठ्ठावीस लिहा."

सगळ्यांनी मुकाट्याने लिहिलं. खुसपटने पेन खाली ठेवलं.

"पण बाई, आले तर तीस."

"अठ्ठावीस लिही म्हटलं ना? फार शहाणपणा नको."

तिने लिहिलं. पण त्यानंतरच्या प्रत्येक तालमीत ती माझ्याकडे न बघता नटांकडे बघत बसायची. मला ते दिसत होतं. मी डोळेझाक केली.

पाठाच्या दिवशी वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, वाऱ्याने लंबक हलू नये म्हणून. आत इतकं उकडत होतं की खडूसुद्धा हाताला चिकटत होता. साहेब मागच्या बाकावर बसले, गुडघे बाकात न मावून तिरके. मोठ्या बाईंनी दार लावलं आणि खुर्ची दारालाच टेकवून बसल्या. बाहेर पडायचं तर त्यांना उठवूनच पडावं लागलं असतं. मला उगाचच तो हिशोब सुचला.

सुरुवात ठीक झाली. खुसपटने तिचा चुकीचा अंदाज ठणठणीत आवाजात सांगितला. एका उतावळ्याने दोरा बांधायच्या आतच "अरेच्चा!" म्हणून टाकलं, पण साहेब तेव्हा चष्मा पुसत होते. एका नटाचे वीस झोके, अठ्ठावीस सेकंद. मग पाच नट. मी फळ्यावर अठ्ठावीस लिहायला वळले.

"बाई, तीस आले," मागून खुसपटचा आवाज आला.

मी वळलेच नाही. "पुन्हा मोज. चुकलं असेल."

"दरवेळी तीसच येतात. आपण रोज चूकच लिहितोय, बाई."

मोठ्या बाईंची खुर्ची करकरली. मी "बस खाली" म्हणाले, पण खुसपट बसली नाही. ती सरळ पुढे आली.

"मी घरी दाराच्या कडीला दोरा बांधून चार दिवस बघतेय," ती म्हणाली. "वजनाने काही होत नाही. आपण नट एकाखाली एक बांधतो ना, म्हणून लंबक लांब होतो. लांब झाला की हळू येतो. थांबा, दाखवते."

तिने पाचही नट सोडले, त्यांचा जुडगा केला आणि एकटा नट होता त्याच उंचीवर बांधला. झोका दिला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी अख्खा वर्ग मोजायला लागला. मागची मुलं बाकांवर चढली. कोणाला आपापलं वाक्य आठवलं नाही, रकाना आठवला नाही. विसावा झोका आला आणि घड्याळवाला मुलगा ओरडला, "अठ्ठावीस!"

एवढा आवाज माझ्या वर्गात कधी झाला नव्हता. मीही ओरडले असेन. चार दिवस जे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं, ते एका बारा वर्षांच्या पोरीने सगळ्यांसमोर उलगडून दाखवलं होतं आणि मला इतका आनंद झाला होता की रडू येईल असं वाटलं.

साहेब टाळ्या वाजवत उभे राहिले.

"कमाल केलीत, बाई! नट मुद्दाम एकाखाली एक बांधलेत. चूक पेरून ठेवलीत आणि पोरांना ती पकडू दिलीत. हे सगळं ठरवूनच ना?"

नाही साहेब, ती माझी चूक होती, मी मुलांना खोटे आकडे लिहायला लावले. एवढंच म्हणायचं होतं. मोठ्या बाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. खुसपटही बघत होती, नटांचा जुडगा हातात घेऊन.

"हो साहेब," मी म्हणाले.

शेरा उत्कृष्ट मिळाला. पंधरा दिवसांत कायम झाल्याचा आदेश आला आणि त्याच पाकिटात दुसरा कागद होता. हा पाठ आदर्श ठरला होता. दर शनिवारी इतर शाळांचे शिक्षक तो बघायला येणार, वर्षभर. पाठात बदल करू नये, असं खाली अधोरेखित केलं होतं.

मी नवं टिपण लिहिलं. उजव्या रकान्यात भर घातली, 'एक मुलगी उठून हरकत घेईल.' माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात.

शुक्रवारी तालीम ठेवली. मोठ्या बाई येऊन बसल्या होत्या. मी खुसपटला सांगितलं की आधी तीस सेकंद मोजायचे, मग गोंधळल्यासारखं करायचं, मग पुढे यायचं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"बाई, एक विचारू? तुम्हाला खरंच आधीपासून माहीत होतं?"

मोठ्या बाईंनी टिपणातून मान वर केली.

"हो," मी म्हणाले.

"मग सांगायचं ना, बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. "मी उगाच चार दिवस शोधत बसले."

मग ती जागेवर गेली, सांगितल्यावर उठली आणि हरकत घेतली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.