त्रेचाळिसावं पान

पाण्याची मीटरं तपासत तीस वर्षं घराघरांत शिरलेल्या माणसाला लोक मीटरकाका नाही तर काय म्हणणार? नळ शोधण्याच्या निमित्ताने त्यांनी लोकांच्या जिन्याखाली, माळ्यावर, पलंगाखाली रीतसर डोकं घातलेलं. कुठल्या घरात जुनं प्रार्थनेचं पुस्तक आहे, ते त्यांना दारातच वासावरून कळायचं. एकदा सर्दी झाली होती, तेव्हा म्हणे डाव्या गुडघ्याने ओळखलं. खरंखोटं तो गुडघाच जाणे.

निवृत्तीनंतर त्यांनी ही पुस्तकं जमवायला घेतली. सगळी नव्हेत, एकच. पुलापाशी नव्वद वर्षांपूर्वी एक छापखाना होता, त्याने छापलेलं. प्रती तीनशे. अक्षरांचे खिळे इतके झिजलेले की देवाला ती प्रार्थना ऐकण्याऐवजी वाचावी लागली असती, तर त्याने आधी चष्मा मागवला असता. पण शेवटी वर्गणीदारांची यादी होती : कोण, कुठल्या गल्लीतला, धंदा काय. सगळं गाव त्या सहा पानांत दाटीवाटीने बसलेलं.

काकांना एकोणीस प्रती मिळाल्या. एकोणिसांतही त्रेचाळिसावं पान नव्हतं. फाडलेलं.

"श्रद्धाळू उंदीर असेल," वाचनालयाचे चिटणीस म्हणाले. संग्रहासाठी काचेचं कपाट मागायला काका त्यांच्याकडे गेले होते. "पण काका, एकोणीस फाटक्या प्रतींना संग्रह नाही म्हणत, रद्दी म्हणतात. पुढच्या महिन्याअखेरच्या बैठकीला एक तरी सबंध प्रत आणा. नाहीतर काचेचं कपाट बुद्धिबळवाल्यांच्या बक्षिसाच्या ढालींकडेच राहील."

पुस्तकं घरी थोरल्या बहिणीच्या पलंगाखाली होती आणि भिंतीला ओल होती. तीन प्रतींना बुरशी धरलेली. काकांचं वय चौऱ्याहत्तर. कपाट मिळालं नाही, तर आपल्यामागे हे सगळं रद्दीवाल्याच्या तराजूत जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ढाली माझ्याकडे पाठव म्हणावं," ताई म्हणाली. "निदान त्यांना वास येत नाही."

पायऱ्यांच्या गल्लीत सगळ्यात वर एक म्हातारी सुईण राहायची. गावातली निम्मी डोकी जगात आली ती तिच्या हातात. तिच्याकडे एक प्रत आहे असं काकांच्या कानावर आलं होतं. तीनदा बसत, चारदा श्वास घेत काका वर पोचले.

"तुझं डोकं फार मोठं होतं रे," तिने दारातच सुरुवात केली. "आईचा जीव काढलास."

"त्याची माफी मागायला नाही आलो, मावशी. पुस्तक बघू द्या."

तिने उशाखालून काढून दिलं. काकांनी थुंकी न लावता, श्वास रोखून पानं उलटली. बेचाळीस. त्रेचाळीस. पान होतं, खळीने परत चिकटवलेलं. वर मथळा : प्रवासाला निघालेल्यासाठी.

"आमच्या ह्यांनी चिकटवलंय," म्हातारी म्हणाली. "जहाजावर निघाले तेव्हा सासूबाईंनी फाडून खिशात घातलं होतं. तेव्हा सगळ्याच घरांत तसं करायचे. सात वर्षांनी माणूस आला, पानही आलं."

"मग बाकीच्यांची पानं?"

"बाकीची माणसं आली का?"

काकांनी पुस्तक हळूच मिटलं. मग चाचरत म्हणाले, "मावशी, ही प्रत तुमच्यामागे वाचनालयाला..."

"माझा तसला काही बेत नाही अजून. आणि तू घरोघरी यायचास की. कोण गेलं, कधी विचारलंस?"

विचारलं नव्हतं. पण आकडे पाठ होते. बेकरीवाल्याच्या घरचं रोजचं पाणी एका महिन्यात अचानक चार बादल्यांनी कमी झालं होतं, शिंप्याकडचं सहांनी. अशा प्रत्येक ठिकाणी शेऱ्याच्या रकान्यात काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : गळती बंद. उतरताना ते एकदाही बसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते एकोणीस घरी पुन्हा गेले. या खेपेला पुस्तक नाही, पत्ते मागितले. कुणाच्या चुलत्याचा, कुणाच्या परदेशातल्या नातवंडांचा. पत्रं ताईने लिहिली, कारण काकांनी लिहिलेलं पत्र थकबाकीच्या नोटिशीसारखं दिसायचं.

चार आठवडे काही नाही. टपालवाला काकांना बघून रस्ता बदलू लागला. मग एक पाकीट आलं. जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेलेल्या एकाच्या नातीने आजोबांच्या कोटाच्या अस्तरातलं पान पाठवलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने बोटीतल्या खाटेचा नंबर, बुटाचं माप, आणि परक्या भाषेतले पाच शब्द अर्थासकट : पाव, पाणी, किती, हळू बोला, मी नवा आहे.

काकांनी ते पान एकेका प्रतीला लावून पाहिलं. सातव्या प्रतीत फाटकी कड फाटक्या कडेला अशी जाऊन बसली, की मधून केस शिरला नसता. ताईने खळ शिजवली. शेजारपाजारच्यांना पुरून उरली असती इतकी.

बैठकीच्या दिवशी काका तासभर आधीच वाचनालयात गेले. चिटणीसांनी सातवी प्रत उघडली, चष्मा वर केला, खाली केला. पानाची मागची बाजू बराच वेळ वाचली. मग आतल्या जिन्याने वर आपल्या घरी गेले आणि एक पुस्तक घेऊन आले. काकांनी सवयीने सरळ त्रेचाळिसावर उघडलं. पान नव्हतं.

"तुम्ही तर उंदीर म्हणाला होतात," काका म्हणाले.

"म्हणालो होतो." चिटणीस कपाटातल्या ढाली एकेक करून जमिनीवर ठेवू लागले. "आमचे थोरले बंधू. एकतीस वर्षं झाली. भांडून गेले, तरी आईने पान फाडून दिलं. पत्ता आहे, जुना आहे. तुमच्या ताईंचं अक्षर चांगलं आहे म्हणे."

"ती बैठकीला यायची नाही. तुम्ही सांगा, मी लिहितो." काकांनी टेबलावरचा कागद ओढला. "भांडणाचं काही लिहू?"

"नको. पान असेल तर पाठव म्हणावं." शेवटची ढाल चिटणीसांच्या हातातच राहिली. "नसेल तर..."

"नसेल तर?"

"नसेल तर नुसता ये म्हणावं."