डोळ्यांशिवाय निघालेले गणपती

आमच्या पेणमध्ये गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. त्याला आखणी म्हणतात. विमलवहिनींच्या कारखान्यात आखणी माझ्याकडे. मी सगुणा, माहेर रोह्याचं. जीभ तिखट, पण हातात ब्रश आला की हात हलत नाही.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. वहिनींचं सगळं काम शाडूचं. मागल्या वर्षी मुंबईच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी ट्रकमधल्या कितीतरी गणपतींच्या सोंडा मोडल्या होत्या. निम्म्याहून जास्त मूर्ती मुंबईतल्या एकाच दुकानदाराकडे जायच्या. त्याची गल्ली अरुंद. ट्रक शिरला की तासन्‌तास अडकायचा आणि धूर थेट लोकांच्या स्वयंपाकघरात. त्यानं वहिनींना बजावलं, "यंदा एक जरी मूर्ती भंगली तर पुढच्या वर्षी प्लास्टरच्या घेईन. आणि तो ट्रक गल्लीत नको, लोक माझ्या जिवावर उठलेत." हा माणूस गेला असता तर कारखान्याला टाळंच लागलं असतं.

तोडगा जनूनं काढला. जनू मिठागरातला माणूस. त्याचा शिडाचा मचवा पूर्वी मीठ घेऊन मुंबईला जायचा, आताशा अंतोरा बंदरात बसून असायचा. तो म्हणाला, "वैनी, खाडीला खड्डं नसतात."

नारळी पौर्णिमा झाली की दर्या खुला होतो, तेव्हा मचवा निघणार असं ठरलं. पण बाजारात ओरड झाली. विसर्जनाच्या आधीच बाप्पाला पाण्यावर न्यायचं? त्याला वाटायचं आपली जायची वेळ झाली! वहिनी देवभोळ्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सगुणा, डोळेच काढायचे नाहीत. डोळे नाहीत तोवर त्याला काय दिसतंय? तू मचव्यातून जा आणि मुंबईत उतरल्यावर आखणी कर."

"मला रोह्याच्या एस.टी.त ओकारी होते वहिनी, आणि मी दर्यात जाऊ?" मी भांडले. पण कारखाना बुडाला तर माझाही ब्रश बुडणार होता.

सकाळच्या ओहोटीला निघालो. मी, जनू, सुकाणूवर त्याचा भाऊ केरू, आणि पेंढ्यात उभे केलेले गणपती, एकेकाच्या तोंडावर वहिनींनी खबरदारी म्हणून टाकलेलं पांढरं कापड. मी डोळे मिटून ओकारीची वाट बघत बसले. ओकारी आली नाही. धक्का नाही, हॉर्न नाही, इंजिनाची घरघर नाही. फक्त शिडाची फडफड. डोळे उघडले तर दोन्ही काठांची तिवरं मागे सरत होती आणि सगळे गणपती एकदम, अगदी हलकेच डुलत होते. जनू म्हणाला, "केरू, बघ रं, सगुणा गप बसली!"

रेवसच्या पुढे खाडी दर्याला मिळते. तिथं वारा आडवा आला आणि पुढच्या गणपतीचं कापड उडालं. त्याला डोळे होते.

नागपंचमीचा गणपती! आमच्या कारखान्यात नागपंचमीला एका मूर्तीचे डोळे मालकीण स्वतः काढते, शकुनाचे. वहिनींनी यंदाही काढले होते, वर कापड टाकलं होतं, आणि न काढायच्या डोळ्यांच्या चिंतेत आम्ही दोघी काढलेले विसरलो होतो. त्याचे डोळे झाकायला मी पदर घेऊन धावले. मचवा कलला.

"बस खाली!" जनू ओरडला. "ट्रकात फुटला नाय तो तुझ्या पायी फुटंल!"

"अरे, त्याला पाणी दिसतंय!"

"मग बघू दे गो. दर वर्षी आपण त्याला पाण्यात घालतो. पाणी कवा बघू दिलंय त्याला?"

मी बसले. गणपती समोर बघत होता, म्हणून मीही समोर बघितलं. देवा! आयुष्यभर चार बोटांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून बसलेली बाई मी. इतकं पाणी, इतकं आभाळ असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कुठंच कड नाही. माझे हात आपोआप जुळले, आणि ते मूर्तीला जुळले की दर्याला, हे अजून सांगता येत नाही. मी रडले. जनूनं बघितलं आणि शहाण्यासारखं तोंड फिरवलं.

संध्याकाळी मुंबईच्या धक्क्यावर हातगाड्या उभ्या होत्या. एकामागून एक गणपती गाड्यांवरून गल्लीत शिरले. धूर नाही, आवाज नाही, नुसती चाकांची कुरकुर. दारादारांत माणसं येऊन उभी राहिली, आणि कुणी सांगितलं नसताना सगळ्यांनी चपला काढल्या. दुकानदारानं एकेक सोंड, एकेक बोट हात फिरवून पाहिलं. साधा तडादेखील नव्हता. "पुढच्या वर्षी असेच पाठवा," तो म्हणाला, आणि मी खाली बसून ब्रश भिजवला.

पुढच्या श्रावणात वहिनींनी भीत भीत विचारलं, "सगुणा, डोळे तिकडेच काढशील ना?"

"नाही," मी म्हणाले. "इथंच. सगळ्यांचे."

आणि मचवा भरताना एकाच्याही तोंडावर कापड टाकू दिलं नाही.