हिरवी चटई काळी पडली

रबर दाबून भाजायच्या प्रेसचं दार उघडलं आणि नाकाला झोंबणारा आंबूस धूर बाहेर आला. रोहिदासने तोंडावर फडकं धरलं. हिरवीगार आत गेलेली चटई शाईसारखी काळीनिळी होऊन बाहेर आली होती. अरुणाने मीटरच्या दोन्ही तारा तिच्यावर टेकवल्या. सुई जागची हलली नाही.

"मेली," ती म्हणाली.

"कोन मेली, मॅडम?"

"चटई! वीज वाहायची ताकद गेली तिची."

प्लास्टिकमधून वीज जात नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण रबाळ्याच्या त्या कारखान्यात अरुणाने वर्षभर खपून केलेल्या प्लास्टिकच्या हिरव्या भुकटीतून ती जायची, कारण भुकटीत आम्ल मुरवलेलं होतं. ताप चढला की आम्ल उडतं आणि मागे राहतं ते नुसतं प्लास्टिक. म्हणून तिने मालकाला कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, आधी रबर भाजा, गार होऊ द्या, मग वरून भुकटीचा लेप द्या. पण लेप वाळायला वेळ लागतो, आणि श्यामसुंदरशेठना दम निघत नव्हता. त्यांनी भुकटी रबरातच कालवून भट्टीसारख्या तापलेल्या प्रेसमध्ये घातली.

चटया जायच्या होत्या पलीकडच्या थिनरच्या कारखान्यात. तिथे बाया डबे भरायच्या. अंगावर नायलॉनच्या साड्या. थंडीच्या कोरड्या हवेत पदर ओढला तरी चटचट आवाज व्हायचा. एक ठिणगी थिनरवर पडली की होळीच. अंगातली वीज गुपचूप जमिनीत उतरावी म्हणून पायाखाली या चटया हव्या होत्या. रोहिदासची बहीण जमुना तिथेच कामाला होती.

शेठ आले. सुई बघून हसले. "हलत नाही? हलवू की! रोहिदास, बादलीत मीठ कालव आणि पुसून घे सगळ्या."

"कारखान्यांसाठी आमची मिठागरं बुजवली, नि आता मीठ पन आमीच कालवायचं?" रोहिदास जागचा हलला नाही.

शेठनी स्वतःच फडकं मारलं. सुई टुणकन वर गेली.

अरुणाने त्यांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. "पाणी वाळलं की सुई खाली येणार, शेठ. त्या बाया जळतील!"

"वाळेपर्यंत माल गेलेला असेल. अरुणाबाई, खाल्ल्या मिठाला जागा जरा."

दुपारी थिनरवाल्यांचा खरेदी बघणारा दिलीप आला. शेठनी मीटर लावला, सुई डोलली, चहा मागवला गेला. दिलीप कप तोंडाला लावणार तोच अरुणा पुढे झाली.

"चहा राहू द्या. आधी चटई चाटून बघा."

"काय?"

"बोट लावा आणि जिभेवर ठेवा."

त्याला वाटलं थट्टाच आहे. त्याने बोट लावलं, चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट!"

अरुणाने सगळं सांगितलं. उडालेलं आम्ल, मेलेली चटई, बादलीतलं मीठ. आता हा माणूस शेठची गचांडी धरणार, म्हणून ती वाट बघत राहिली.

दिलीपने रुमालाला बोट पुसलं. "मॅडम, आमचा तपासनीसपन मीटरच लावतो. तो यायच्या आधी आम्हीपन मिठाचं फडकं मारू. तो काय चाटत बसणारे?"

शेठ खो खो हसले. दिलीपही हसला.

 अरुणाने कडा छाटायची सुरी उचलली आणि वरची चटई मधोमध फाडली. मग दुसरी.

"अगं ए! वेड लागलं का?" शेठच्या हातातला चहा सांडला. "पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा. त्यांनाही चाटायला देते."

"नोकरी गेली तुझी!"

"गेली तर गेली!"

तिसऱ्या चटईत सुरी अडकली. रबर जाड होतं. शेठ चटई ओढायला धावले. रोहिदास मध्ये आला.

"हात लावू नका. जमुना हाय तिथं."

"तुझीपण गेली!"

 रोहिदासने चटईचं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि म्हणाला, "चालवा, मॅडम."